पावणेसातशे वर्षे सत्ता शोगुनांकडे, मग सिंहासन सम्राटाचेच कसे राहिले?

प्रश्न : दूरचा प्रवासी

जपानच्या इतिहासाचे वाचन गेले वर्षभर चालू आहे आणि एका जागी माझे गाडे सारखे अडते, म्हणून हा प्रश्न जाणकारांपुढे ठेवतो.

११९२ साली मिनामोतो नो योरितोमो याला क्योतोच्या दरबाराने 'सेइ-इ-ताइशोगुन' ही सरसेनापतीची पदवी दिली; 'शोगुन' हे तिचेच छोटे रूप. तेव्हापासून १८६८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेसातशे वर्षे, मधली तीनएक वर्षे सोडली तर देशाचा कारभार लष्करी घराण्यांच्याच हातात होता. आधी कामाकुराचे मिनामोतो व त्यांचे कारभारी होजो, मग आशिकागा, मग ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी, शेवटी एदोचे (म्हणजे आजच्या तोक्योचे) तोकुगावा. फौज त्यांची, जमिनीचा सारा त्यांचा, न्यायनिवाडाही त्यांचाच. क्योतोच्या राजवाड्यातील सम्राटाकडे ना सैन्य होते, ना भरलेला खजिना. असे असूनही यांपैकी एकानेही सम्राटाला बाजूला सारून स्वतःचे घराणे त्या आसनावर बसवले नाही. याच काळात चीनमध्ये सोंग जाऊन युआन आले, युआन जाऊन मिंग आणि मिंग जाऊन छिंग.

याचे नेहमीचे उत्तर मला ठाऊक आहे. सम्राटाचा वंश सूर्यदेवता अमातेरासूपासून सुरू झाला अशी श्रद्धा होती, त्यामुळे त्याला हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही, असे सांगितले जाते. परंतु १२२१ च्या जोक्यू युद्धानंतर, म्हणजे दरबाराने कामाकुराविरुद्ध केलेला उठाव मोडल्यावर, होजोंनी निवृत्त सम्राट गो-तोबा याला ओकी बेटांवर आणि जुन्तोकु याला सादो बेटावर हद्दपार केले, आणि गादीवरच्या बालसम्राटालाही खाली उतरवले. देवाच्या वंशजाला बेटावर धाडताना ज्यांचा हात थरथरला नाही, त्यांना त्याच्या आसनावर बसताना संकोच का वाटावा?

मराठी वाचकाला येथे सातारचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे आठवतीलच, मात्र ती व्यवस्था शंभरएक वर्षांची होती. पावणेसातशे वर्षांचा हिशेब तिच्यावरून लागत नाही.

बखरकार

आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. सिंहासन हे सत्तेचे शिखर असते आणि ज्याच्या अंगी बळ आहे तो तेथे चढणारच, असे आपण धरून चालला आहात. जपानमध्ये योद्धे सत्तेवर आले तेव्हा सिंहासनाच्या शेजारी बसून राज्य चालवण्याची रीत तेथे तीनशे वर्षांची जुनी झाली होती, आणि ती योद्ध्यांनी पाडलेली नव्हती. ती पाडली फुजिवारा या दरबारी घराण्याने.

८६६ साली फुजिवारा नो योशिफुसा हा राजघराण्याबाहेरचा पहिला राजप्रतिनिधी झाला. त्यानंतर आपल्या मुली सम्राटांना द्यायच्या, त्यांच्या पोटी जन्मलेला नातू लहानपणीच गादीवर बसवायचा आणि आजोबाच्या नात्याने कारभार पाहायचा, हे फुजिवारांचे सूत्र ठरून गेले. मिचिनागाच्या काळात (९६६–१०२८) ते कळसाला पोचले. १०१८ मध्ये त्याची तिसरी मुलगी सम्राज्ञी झाली, त्या रात्रीच्या मेजवानीत त्याने एक कविता म्हटली. हे जग माझेच आहे असे मला वाटते, पौर्णिमेच्या चंद्रात जसे काही उणे नसते तसे, असा तिचा आशय. त्याने स्वतः ती लिहून ठेवली नाही. सानेसुके नावाच्या एका कुरबुऱ्या दरबाऱ्याने आपल्या रोजनिशीत टिपली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ज्याचे तीन नातू पाठोपाठ सम्राट झाले, त्या आजोबाला स्वतः त्या आसनावर बसून दिवसभर विधी करत राहण्याची हौस कशाला असेल?

विधींचा हा मुद्दा हलका समजू नये. सम्राटाचे वर्ष अनुष्ठाने, सोवळेओवळे आणि समारंभ यांनी इतके बांधलेले असे की खुद्द सम्राटांनाही सिंहासन ही अडचण वाटू लागली. १०८६ मध्ये शिराकावाने गादी मुलाला दिली आणि पुढची त्रेचाळीस वर्षे, मरेपर्यंत, 'निवृत्त' राहून राज्य केले. कामो नदीचे पूर, सोंगट्यांचे फासे आणि हिएई डोंगरावरचे भिक्षू एवढ्या तीनच गोष्टी माझ्या शब्दाबाहेर आहेत, असे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्या यादीत गादीवरचा सम्राट नाही, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट कुलनावांची. जपानच्या राजघराण्याला आडनाव नाही, आजही नाही, कारण आडनाव देणारे घराणे ते स्वतःच होते. 'फुजिवारा' हे नाव ६६९ मध्ये सम्राट तेन्जीने दिले. मिनामोतो आणि ताइरा ही दोन्ही योद्धा घराणी मुळात राजपुत्रांचीच. राजवंशातील जादा मुलांना कुलनाव देऊन सामान्य प्रजेत काढून टाकण्याची जी पद्धत होती, तिच्यातून ती निघाली. म्हणजे आडनाव मिळणे याचा अर्थच सिंहासनाच्या रांगेतून बाहेर पडणे असा होता. मिनामोतो या शब्दाचा अर्थ 'उगम', आणि तो उगम सम्राट. अशा माणसाने सम्राट व्हायचे तर ज्या नावावर तो आपल्या सरदारांना गोळा करतो, ते नावच त्याला पुसावे लागेल.

चीनशी आपण केलेली तुलना मोलाची आहे, पण जपानने चीनकडून काय घेतले नाही ते पाहिले तर अधिक उपयोगी पडेल. ७०१ च्या ताइहो संहितेत कायदा, खाती, पदश्रेणी हे सारे तांग साम्राज्याच्या नमुन्यावर उचलले. परंतु दुराचारी राजावरून स्वर्गाची मर्जी उडते आणि ती दुसऱ्या घराण्याकडे जाते, हा चिनी सिद्धान्त मात्र सीमेवरच ठेवला. बंडखोराला उभे राहायला जी वैचारिक जमीन चीनमध्ये आयती मिळे, ती येथे नव्हतीच. प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. ७६९ मध्ये दोक्यो या भिक्षूला गादीवर बसवावे असा उसा येथील हाचिमान देवाचा कौल असल्याचे सांगण्यात आले, पण खातरजमा करायला पाठवलेला दूत उलटा कौल घेऊन परतला. ९३९ मध्ये ताइरा नो मासाकादोने पूर्वेकडे स्वतःला 'नवा सम्राट' म्हणवले आणि पुढच्याच वर्षी तो मारला गेला.

शेवंती

बखरकार यांचे विवेचन आवडले, तरी त्यात एक धोका जाणवतो. ते वाचून असे वाटते की सम्राटपद टिकले ते एखाद्या सुबक तत्त्वामुळे. पंधराव्या-सोळाव्या शतकाचे वास्तव इतके सुबक नव्हते.

सरदारांच्या आपसातील ओनिन युद्धात (१४६७–७७) क्योतोचा मोठा भाग जळून गेला आणि दरबाराच्या जहागिरींचे उत्पन्न जवळजवळ आटले. १५०० साली सम्राट गो-त्सुचिमिकादो वारला तेव्हा अंत्यविधीला पैसे नव्हते, म्हणून त्याचे पार्थिव चाळीस दिवसांहून अधिक काळ वाड्यात पडून राहिले. त्याच्या मुलाच्या राज्यारोहणाचा सोहळा एकवीस वर्षे रखडला, नातवाचा दहा वर्षे. हा नातू, गो-नारा, आपल्या हस्ताक्षरातील लेखन देऊन चार पैसे मिळवत असे. येथे कोणताही सिद्धान्त सिंहासनाचे रक्षण करत नव्हता. लुटून नेण्यासारखे तेथे काही उरले नव्हते, एवढेच त्याचे संरक्षण होते.

काही वर्षांपूर्वी क्योतोला गेले असता दोन वास्तू एकाच दिवशी पाहिल्या आणि हा फरक डोळ्यांना दिसला. सम्राटाचा राजवाडा, 'गोशो', याला तटबंदी नाहीच. मातीची एक भिंत आहे, वर कौलांची पाखी, अंगावर पाच पांढऱ्या आडव्या रेघा आणि पायथ्याशी सहज ओलांडता येईल एवढा पाण्याचा पाट. त्या पाच रेघा म्हणजे भिंतीची सर्वोच्च प्रतिष्ठा, असे तेथे कळले. भिंतीचा मान तिच्या उंचीवरून नव्हे, रेघांवरून मोजायचा! तेथून नैर्ऋत्येला थोडे चालत गेले की निजो किल्ला लागतो. तो तोकुगावा इएयासूने १६०३ मध्ये बांधून घेतला. त्याला रुंद खंदक आहे, घडीव दगडांचा तट आहे, आणि आतल्या महालाच्या फळ्या पाऊल पडताच पाखरासारख्या चिवचिवतात. शोगुन वर्षानुवर्षे इकडे फिरकत नसे, तरी सम्राटाच्या शेजारी हा किल्ला उभा होता. सम्राटाला केव्हाही गिळू शकेल असा हा शेजारी होता आणि त्याने गिळले नाही. त्याचे कारण श्रद्धेपेक्षा हिशेबात शोधावे असे मला वाटते.

हिशेब असा. एका मोठ्या सरदाराने सम्राट व्हायचे ठरवले, तर उरलेल्या सगळ्यांना त्याच्याविरुद्ध एकत्र येण्यास एक सोयीचे कारण मिळाले असते. उलट दुबळा सम्राट जागेवर असला की त्याच्याकडून पदव्या घेता येत. हिदेयोशीचे उदाहरण घ्या. हा शेतकरी शिपायाचा पोर, त्याला कुळ असे नव्हतेच. १५८५ मध्ये तो कोनोए या फुजिवारा शाखेत दत्तक गेला आणि 'काम्पाकु', म्हणजे सम्राटाचा राजप्रतिनिधी, झाला, आणि 'तोयोतोमी' हे नवे कुलनाव त्याने दरबाराकडूनच मिळवले. १५८८ मध्ये त्याने सम्राट गो-योझेई याला आपल्या जुराकुदाई वाड्यात थाटामाटाने बोलावले आणि त्याच्यासमोर सर्व सरदारांकडून आपल्या आज्ञा पाळण्याची शपथ घेवविली. हिदेयोशी एकटा समोर असता तर तीच शपथ किती टिकली असती?

दूरचा प्रवासी

दोघांचेही आभार. दोन उत्तरे वरकरणी एकमेकांना छेद देणारी असली, तरी एका ठिकाणी ती जुळतात असे दिसते: सम्राट हा सत्ताधीश नव्हता, पण सत्ताधीशाला सही लागे ती त्याची. मग पुढचा प्रश्न उभा राहतो. सही करणारा हात इतका पांगळा होता, तर १८६८ मध्ये तोच हात तोकुगावांना कसा उलथवू शकला?

तळटीप

वरच्या दोन्ही प्रतिसादांत तोकुगावांचा काळ घाईने उरकला गेला आहे. या प्रश्नाचे उत्तर नेमके तेथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तोकुगावांनी सम्राटाकडे दुर्लक्ष केले हा समज चुकीचा आहे. त्यांनी त्याची अत्यंत काळजीपूर्वक व्यवस्था लावली. १६१५ मध्ये त्यांनी दरबारासाठी सतरा कलमांचे नियम जारी केले. सम्राटाने सर्वप्रथम विद्याध्ययनात लक्ष घालावे, असे त्याचे पहिलेच कलम. योद्ध्याने सम्राटाच्या वागण्याचे नियम लेखी ठरवून द्यावेत, हे त्यापूर्वी घडले नव्हते. एदोचा अधिकारी क्योतोत कायम मुक्कामाला असे. सम्राटाला लावून दिलेले उत्पन्न पुढे सुमारे तीस हजार कोकूंपर्यंत वाढवण्यात आले (एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ). तुलनेसाठी सांगायचे तर कागा प्रांताच्या माएदा सरदारांचा मुलूखच दहा लाख कोकूंचा होता. खाऊनपिऊन सुखी, पण फौज उभी करता येणार नाही, अशा बेताने हे माप काढलेले होते.

सम्राटांना हे निमूट मान्य होते असेही नाही. भिक्षूंना जांभळी वस्त्रे देण्याचा दरबाराचा जुना मान १६२७ पासून शोगुनाच्या संमतीला बांधला गेला आणि सम्राटाने आधी दिलेली वस्त्रेही रद्द ठरवली गेली. विरोध करणाऱ्या ताकुआनसारख्या भिक्षूंना हद्दपारी भोगावी लागली. यावर गो-मिझुनोओ याने १६२९ मध्ये एदोला न कळवता गादी सोडली आणि मुलीला दिली. तिला अजून सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आठव्या शतकानंतरची ही पहिली सम्राज्ञी, मेईशो. गंमत अशी की ती शोगुन हिदेतादाच्या मुलीची मुलगी. म्हणजे फुजिवारांचे आजोबापणाचे सूत्र तोकुगावांना आयते साधले होते, परंतु तिने लग्न केले नाही आणि तो धागा तेथेच संपला.

आता व्यवस्थेतली फट पाहा. शोगुनाचे पद सम्राटाच्या नेमणूकपत्रावर उभे होते. इएयासूला मृत्यूनंतर देवपद मिळाले, त्याचे 'तोशो दाइगोन्गेन' हे नावही १६१७ मध्ये दरबारानेच दिले. तोकुगावांनी सम्राटाला गप्प बसवले, पण आपल्या अधिकाराचे मूळ त्याच्याकडेच राहू दिले. आणि हे मूळ खणून जगासमोर मांडणारे लोक तोकुगावांच्याच घरात निघाले. इएयासूचा नातू, तोकुगावांच्या मितो शाखेचा मित्सुकुनी, याने १६५७ मध्ये सम्राटांच्या कारकिर्दींवर आधारलेला जपानचा एक प्रचंड इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली. ते काम १९०६ पर्यंत चालले. त्याभोवती जी विद्वानांची परंपरा उभी राहिली, तिच्यातूनच सम्राटाचा मान राखा आणि परक्यांना हाकला या घोषणेला बळ मिळाले.

अडीचशे वर्षे या फटीतून काही आत आले नाही, कारण सम्राटाला कोणी काही विचारतच नव्हते. १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाचा पेरी आपली जहाजे घेऊन आला आणि एदोच्या सरकारने प्रथमच आपला निर्णय इतरांपुढे ठेवला. सर्वांत मोठी चूक त्यानंतरची. १८५८ मध्ये अमेरिकेशी व्यापारी करार करण्यापूर्वी त्याला सम्राटाची संमती मिळवावी म्हणजे विरोधकांची तोंडे बंद होतील, या अपेक्षेने होत्ता मासायोशी हा वरिष्ठ मंत्री स्वतः क्योतोला गेला. हा उपचार चुटकीसरशी उरकेल असे त्याला वाटले होते. प्रत्यक्षात ८८ दरबारी उमरावांनी विरोधाचा अर्ज दिला आणि सम्राट कोमेई याने संमती नाकारली. अडीचशे वर्षांत ज्याला कोणी विचारले नव्हते, त्याला विचारले, आणि त्याने नाही म्हटले.

पुढचे सारे या एका नकारातून निघाले. एदो सरकारचा सर्वोच्च मंत्री इई नाओसुके याने संमतीवाचून करार केला आणि विरोधकांना तुरुंगात टाकले, काहींना देहदंड दिला. मार्च १८६० मध्ये एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्याच्या पालखीवर हल्ला झाला. त्या सकाळी बर्फ पडत होता आणि ओल लागू नये म्हणून त्याच्या रक्षकांनी तलवारींच्या मुठींवर गवसण्या घातल्या होत्या, त्या सोडेपर्यंत इईचे शिर गेले होते. मारेकरी बहुतेक सगळे मितोचे. १८६३ मध्ये शोगुन इएमोचीला क्योतोला जाणे भाग पडले. त्याआधी दोनशे एकोणतीस वर्षे एकही शोगुन तेथे गेला नव्हता. त्या वसंतात कोमेई कामो देवस्थानाच्या दर्शनाला निघाला, तेव्हा त्या मिरवणुकीत शोगुन त्याच्या मागून चालला होता. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला राज्यशास्त्राचे पुस्तक वाचायची गरज उरली नव्हती.

शेवटचा शोगुन योशिनोबू हा मितोच्याच घरात जन्मलेला. नोव्हेंबर १८६७ मध्ये त्याने कारभार सम्राटाला परत केला, म्हणजे जे मुळात उसने घेतले होते ते परत केले, अशीच त्यामागची भाषा होती. त्यातून आपले महत्त्व टिकेल असा त्याचा अंदाज असावा. तो चुकला. जानेवारी १८६८ मध्ये तोबा-फुशिमी येथे लढाई झाली तेव्हा संख्याबळ तोकुगावांच्या बाजूने होते, पण समोरच्या सात्सुमा-चोशू या विरोधी संस्थानांच्या फौजेने शाही जरीचे निशाण उभारले. ते निशाण त्या मंडळींनी आधीच गुपचूप शिवून ठेवले होते. तरीही ते दिसताच कोण राजनिष्ठ आणि कोण बंडखोर याचा निकाल लागला. मोठमोठे सरदार बाजू बदलू लागले आणि योशिनोबू ओसाकाहून जहाजात बसून एदोला निघून गेला. पांगळ्या हाताबद्दल आपण विचारले, त्याचे उत्तर हे कापड.

सांजवात

चर्चेत 'अखंड वंश' हे शब्द कोणी स्पष्टपणे उच्चारले नसले तरी ते पार्श्वभूमीला आहेत, म्हणून दोन गोष्टी जोडते.

१३३६ ते १३९२ या काळात जपानमध्ये दोन सम्राट होते, एक क्योतोला आणि एक योशिनोच्या डोंगरात. आजचे राजघराणे क्योतोच्या, म्हणजे उत्तर दरबाराच्या, वंशातले. परंतु १९११ मध्ये शालेय पाठ्यपुस्तकांवरून वाद पेटला तेव्हा दक्षिण दरबार हाच खरा, असा निर्णय सम्राट मेईजीच्या नावाने झाला. आपल्याच पूर्वजांना अनधिकृत ठरवणारा हा निर्णय राजघराण्याच्या नावाने व्हावा, याला काय म्हणावे?

तसेच केवळ पुरुषच गादीवर येईल आणि सम्राट हयातीत गादी सोडणार नाही, या ज्या गोष्टी सनातन परंपरा म्हणून मांडल्या जातात, त्या १८८९ च्या राजघराणे कायद्याच्या. त्याआधी आठ स्त्रियांनी राज्य केले होते, त्यांतल्या दोघींनी दोन-दोनदा, आणि गादी सोडणे ही तर नित्याची बाब होती. म्हणूनच २०१९ मध्ये अकिहितो यांना निवृत्त होता यावे यासाठी संसदेला त्याआधी दोन वर्षे खास कायदा करावा लागला. त्यांच्यापूर्वी गादी सोडणारा शेवटचा सम्राट १८१७ मधला कोकाकु.

बखरकार

तळटीप यांचा प्रतिसाद वाचून माझ्या पहिल्या उत्तरातील एक उणीव लक्षात आली. मी सिंहासन का घेतले गेले नाही ते सांगितले, पण ते रिकामे ठेवण्याची किंमत काय पडते ते सांगितले नाही. शेजारी बसून राज्य करणाऱ्यांची रांग १८६८ ला संपली असेही मी मानत नाही. १८८९ च्या राज्यघटनेने सम्राटाला पवित्र व अनुल्लंघनीय ठरवले आणि कारभार त्याच्या नावाने मंत्री, वृद्ध मुत्सद्दी आणि पुढे सेनाधिकारी चालवत राहिले. १९४७ च्या राज्यघटनेत त्याला राष्ट्राचे प्रतीक म्हटले आहे आणि शासनाचा कोणताही अधिकार ठेवलेला नाही, तरी संसदेने निवडलेल्या पंतप्रधानाची औपचारिक नेमणूक आजही सम्राटच करतो.

शेवंती यांनी निजो किल्ल्याचा उल्लेख केला त्यावरून आठवले. १८८४ मध्ये तो किल्ला राजघराण्याचा वाडा झाला आणि तोकुगावांच्या तीन पानांच्या चिन्हाच्या जागी ठिकठिकाणी सोळा पाकळ्यांची शेवंती बसवण्यात आली. योशिनोबू मात्र १९१३ पर्यंत जगला. निवृत्तीत त्याने छायाचित्रणाचा छंद जोपासला आणि १९०२ मध्ये त्याला उमरावांतली सर्वोच्च पदवी मिळाली. ती देणारा सम्राट मेईजी.

दूरचा प्रवासी

जोक्यूचा दाखला देऊन मी सुरुवात केली होती, तेथेच परत जावेसे वाटते. होजोंनी गो-तोबाला ओकीला धाडले आणि त्याच वर्षी दुसरा राजपुत्र शोधून गादीवर बसवला. तेव्हा मी त्यातले हद्दपारीचे वाक्य वाचले होते, पुढचे वाक्य वाचायचे राहून गेले होते.